‘पुढच्या वर्षी यरुशलेमात’: बेने इस्रायलींचं स्थलांतर मराठीतून वाचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी तुम्ही ‘दक्षिण आशियाई डायस्पोराचं साहित्य’ (डायस्पोरा म्हणजे मायदेशाबाहेर पांगलेला समाज) हा विषय घेतलात. मार्गदर्शकांनी लंडन आणि न्यू जर्सीत घडणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांची यादी हातात दिली. तुम्हाला मात्र कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी (ज्यू) लोकांवर काम करायचंय. त्यावर दोन आक्षेप आले. हे लोक तर ‘आपल्या घरी परत’ गेले, मग ते डायस्पोरा कसे? आणि त्यांचं साहित्य आहे तरी कुठे?

विषय सोडू नका. पंचवीस वर्षं मी स्थलांतराचं साहित्य शिकवतेय आणि बेने इस्रायली घरांतली पत्रं, गाण्यांच्या वह्या, जुनी प्रार्थनापुस्तकं वाचून त्यांची टिपणं करणं हे माझं निम्मं काम आहे. तुमच्या दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर शोधायला लागलात की पहिल्याचं उत्तर वाटेतच सापडेल.

आधी पार्श्वभूमी. या समाजाची स्वतःची कथा नवगावच्या किनाऱ्यावर सुरू होते. अलिबागजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, वाचलेले कोकणातच राहिले. कधी घडलं, नेमकं कुठून आले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही आणि तुमच्या कामाला त्याची गरजही नाही. पुढचं महत्त्वाचं. हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. आडनावं गावांवरून आली: पेणकर, नवगावकर, अष्टमकर, रोहेकर, केहीमकर, चेऊलकर, दिवेकर. बोली कोकणची. अठराव्या शतकात माणसं मुंबईला सरकली. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मांडवीत पहिलं सिनेगॉग बांधलं. प्रार्थनास्थळाला हे लोक ‘मशीद’च म्हणत, आणि मशीद बंदर स्थानकाचं नाव त्या ‘जुन्या मशिदी’वरून पडलं असं सांगितलं जातं.

आता सणांची नावं बघा. वर्गात या विषयाची सुरुवात मी नेहमी इथूनच करते. रोश हाशाना, म्हणजे यहुदी नववर्ष, हा ‘नव्याचा सण’. त्यानंतर ‘खिरीचा सण’. योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा कडक उपास, हा ‘दारफळणीचा सण’, कारण त्या दिवशी दार लावून घरात बसायचं. दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’. यरुशलेमचं (जेरुसलेमचं) मंदिर पडलं त्या दुःखाचा दिवस म्हणजे ‘बिरड्याचा सण’, वालाच्या बिरड्यावरून. पुरिम होळीच्या सुमाराला येतो, म्हणून तो ‘होळीचा सण’. हिब्रू नावं पुढे कोचीनच्या यहुदी शिक्षकांकडून आणि मिशनऱ्यांच्या शाळांतून आली. त्याआधीच्या पिढ्यांनी आपला धर्म असा मराठीत, स्वयंपाकघरात आणि दारापाशी सांभाळला.

अनुवाद करताना ‘दारफळणीचा सण’ या शब्दांवर मी फार वेळ थांबले आहे. त्याजागी ‘योम किप्पूर’ लिहिलं तर वाचकाला अर्थ कळतो, पण दार जातं. ‘फळी’ हा शब्द ज्याच्या घरात किंवा दुकानात रोज वापरला जातो, त्याला त्या नावात फळ्या लावल्याचा आवाज ऐकू येतो. घरातली बाई, पांढरे कपडे, बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही असा तो दिवस, हे सगळं त्या एका समासात बसलंय. शेवटी मी मूळ शब्द ठेवते आणि आधीच्या वाक्यात दार लावून घेते. तुम्हीही प्रबंधात हेच करा. या समाजाची ओळख काय, यावर सिद्धांताची चार पानं लिहिण्यापेक्षा ही पाच-सहा नावं एकाखाली एक मांडून त्यांचा अर्थ लावलात तर तुमचा परीक्षक ताठ बसून वाचेल.

साहित्य कुठे आहे, तर पहिला ढीग छापील पुस्तकांचा आहे. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं, या समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी. त्यामागे धर्मांतराची आशा होती, ती फळली नाही; पण आपला धर्म आपल्या भाषेत वाचायची चटक मात्र लोकांना लागली. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा छापली गेली. हगादा म्हणजे पेसाह सणाच्या रात्री घरी जेवणाच्या पंगतीत वाचायचं पुस्तक, मिसरमधल्या गुलामीतून सुटल्याची कथा. १८७४ मध्ये पुण्यात दुसरी निघाली, सचित्र. तिच्यातली चित्रं बघाच. लुगडी नेसलेल्या बायका बिनखमिराची भाकरी करतायत. मिसरमधून बाहेर पडलेल्यांची ही कथा, आणि चित्रात पीठ मळणारी बाई कुठल्याही कोकणी माजघरातली. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी पुढे एकामागून एक हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. हा माणूस शाळेचा मुख्याध्यापक होता, मुंबई विद्यापीठात हिब्रूचा परीक्षक होता. मराठी भाषांतराच्या इतिहासात त्यांना स्वतंत्र प्रकरण मिळायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा ढीग कीर्तनांचा. १८८० च्या सुमारास बेने इस्रायली लोकांनी हरिदासी कीर्तनाचा साचा उचलला आणि त्यात योसेफ, मोशे, एस्तेर, एलिया यांची आख्यानं रचली. साकी, दिंडी, आर्या, अभंग, सगळं तेच; कथानायक मात्र हिब्रू बायबलातले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचं नाव यात आधी घ्यावं लागतं. ‘दोन संस्कृतींचा मिलाफ’ अशा गुळगुळीत शब्दांत या कीर्तनांची बोळवण करू नका. कीर्तनकाराला श्रोता धरून ठेवायचा असतो, आणि त्याच्या श्रोत्याचा कान अभंगाचा होता, म्हणून त्यानं अभंग घेतला. यात मिसळणं कमी आणि कसब जास्त आहे. योसेफला भावांनी विकलं, तो परक्या देशात मोठा झाला, भाऊ दारात आले तेव्हा त्यांनी त्याला ओळखलं नाही. ही कथा साकीच्या चालीत ऐकताना समोर बसलेल्या, कोकणातून मुंबईला आलेल्या माणसाला काय वाटलं असेल, याचा विचार करा. स्थलांतराचं साहित्य तिथेच सुरू झालं होतं, इस्रायल राष्ट्र जन्माला येण्याआधी साठ-सत्तर वर्षं. या गाण्यांच्या वह्या बायकांनी जपल्या आणि पुढे सोबत नेल्या. इस्रायलमध्येही बायकांचे गट ती मराठीत गातात.

आता पहिला आक्षेप, ‘घरी परत गेले’ हा. हगादा संपते तेव्हा सगळे म्हणतात, पुढच्या वर्षी यरुशलेमात. अलिबागच्या इस्रायल आळीत, पेणला, ठाण्यात, माझगावात हे वाक्य दरवर्षी म्हटलं गेलं. १९४८ मध्ये ते अचानक खरं करता येईल असं झालं. तेव्हा भारतात हा समाज वीस हजारांच्या आसपास होता. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक घरं गेली, आज इथे पाच हजारसुद्धा उरलेले नाहीत. जाताना त्यांना इथून कुणी हाकललं नव्हतं, हेही लिहा. यहुदी म्हणून छळ झाल्याचा इतिहास भारतात नाही, असं ही माणसं स्वतः आवर्जून सांगतात. म्हणजे पळ काढलेल्या निर्वासितांचा साचा त्यांना लागू पडत नाही. पैशासाठी परदेशी गेलेल्या इंजिनियरचाही पडत नाही.

पण घर मिळालं का? १९५१ साली बीरशेबा भागात वसवलेल्या बेने इस्रायलींपैकी एका गटानं तेल अवीवमध्ये ज्यूइश एजन्सीच्या, म्हणजे यहुद्यांना तिथे आणून वसवणाऱ्या संस्थेच्या दारात धरणं धरलं. मागणी होती: आम्हाला भारतात परत पाठवा. कामात, घरात, वागणुकीत रंगावरून भेद होतो, ही तक्रार होती. उपोषण झालं. १९५२ मध्ये शंभराहून अधिक लोकांना विमानानं परत मुंबईला आणलं गेलं. आणि त्यातल्या अनेकांनी पुढे पुन्हा इस्रायलची वाट धरली. गेले, आले, परत गेले. आपला डायस्पोराचा सिद्धांत एका ‘मायदेशा’वर आणि एका ‘परदेशा’वर उभा असतो, या कुटुंबांच्या बाबतीत कुठला कुठे ठेवायचा? त्या उपोषणाच्या पोटात एक मोठी कादंबरी पडून आहे. मराठीत ती लिहिलेली माझ्या वाचनात आलेली नाही.

दुसरा प्रसंग साठच्या दशकातला. तिथल्या मुख्य रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) कार्यालयानं १९६२ मध्ये असा आदेश काढला की बेने इस्रायली व्यक्तीचं इतर यहुद्याशी लग्न लावण्यापूर्वी तिची वंशावळ मागच्या पिढ्यांपर्यंत तपासावी. ज्यांनी शनिवारी घाणा बंद ठेवून शतकं काढली, त्यांच्याकडे पुरावा मागितला. लोक रस्त्यावर उतरले. १९६४ च्या उन्हाळ्यात घरंच्या घरं यरुशलेमात येऊन धरणं धरून बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, म्हणजे इस्रायलच्या संसदेनं, ठराव केला की बेने इस्रायली हे सर्वार्थानं यहुदी आहेत, आणि मग आदेशातून या समाजाचं नाव निघालं. ‘अस्मिता’ हा शब्द आपण सैल वापरतो. इथे तिला कागदाचं, शिक्क्याचं, लग्नाच्या परवानगीचं रूप होतं. आजीची आजी कोण होती, ती कुठल्या गावची, हे लग्नघरातल्या मुलीला टेबलापलीकडच्या माणसाला सांगावं लागत होतं. माझ्या अनुभवात माणसाला आपली ओळख देश सोडताना तितकी जाणवत नाही. ती अशा टेबलासमोर जाणवते. म्हणून या समाजाचं साहित्य शोधताना निवेदनं, अर्ज, सभांचे वृत्तांत हेही वाचा. त्यांतली मराठी आणि इंग्रजी फार ताठ आहे, आणि त्या ताठपणात दुखावलेपण स्वच्छ दिसतं.

एक शब्द ध्यानात ठेवा. हिब्रूत भारताचं नाव ‘होदू’. बायबलातल्या एस्तेरच्या पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात ते आहे, राजाचं राज्य होदूपासून कूशपर्यंत होतं म्हणून. इस्रायलमधल्या लोद गावातल्या एका बेने इस्रायली आजींनी मला सांगितलं, “कोकणात आम्हाला सगळे ‘इस्रायल’ म्हणायचे. इथे आलो तर आम्ही ‘होदू’वाले झालो. दोन्हीकडे आम्हाला दुसरीकडचंच नाव.” त्यांनी हे हसत सांगितलं होतं. मी ते टिपून घेतलं आणि नंतर कितीतरी वर्षं वर्गात सांगत आलेय, कारण एवढ्या कमी शब्दांत हा विषय मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

आता कादंबऱ्या. आहेत, आणि चांगल्या आहेत. मीरा महादेवन यांची ‘अपना घर’ १९६१ मध्ये आली. इस्रायलला जायचं की राहायचं, या प्रश्नावर दुभंगलेलं घर तिच्यात आहे. पुढे ती ‘शुलामिथ’ नावानं इंग्रजीत गेली. (याच मीराबाईंनी बांधकामावरच्या मजूर बायकांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ ही पाळणाघरं सुरू केली. घर नसलेल्यांच्या मुलांची काळजी त्यांना का वाटली असेल, हे मला ही कादंबरी वाचल्यावर जास्त कळलं.) शीला रोहेकर यांची ‘मिस सॅम्युएल: एक यहूदी गाथा’ २०१३ ची. एस्तेर डेव्हिड अहमदाबादच्या. त्यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अलिबागजवळच्या दांड्याला समुद्रकाठी एकटी राहणारी म्हातारी रेचल, मुलं इस्रायलमध्ये, आणि ओस पडलेलं सिनेगॉग ती झाडून-पुसून सांभाळते. तुमच्या प्रबंधात हे पुस्तक हवंच. स्थलांतराची बहुतेक पुस्तकं गेलेल्यांबद्दल असतात, हे मागे राहिलेलीबद्दल आहे. आणि प्रत्येक प्रकरण एका पदार्थाला बांधलंय, म्हणजे लेखिकेनं समाजाचं खरं दफ्तर कुठे असतं ते ओळखलंय.

इंग्रजीत लिहिणारे कवी निसीम इझिकिएल यांना वगळू नका. ते राहिले, हाच त्यांच्या कवितेचा एक मोठा विषय आहे. १९४८ मध्ये लंडनला गेले आणि १९५२ मध्ये मालवाहू जहाजावर डेक घासत परतले. ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ या कवितेत शाळेतली टवाळी आहे, तेल गाळणारे पूर्वज आहेत, आणि शेवटी, आहे तिथेच राहायचं हा निर्णय आहे. त्यांनी वृंदा नाबर यांच्यासोबत इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. मराठीशी त्यांचं नातं शोधायचं असेल तर ते अनुवाद आधी काढा.

आता यादी पुन्हा बघा. समाजाची मातृभाषा मराठी. आणि कादंबऱ्या हिंदीत आणि इंग्रजीत. मराठीत प्रार्थना आहेत, कीर्तनं आहेत, नियतकालिकं आहेत. इस्रायलमधून निघणाऱ्या मराठी नियतकालिकाचं नावच ‘मायबोली’ आहे. पण आपल्या कादंबरीत हे लोक फारसे नाहीत. माझं म्हणणं असं की दोष आपला, म्हणजे मराठी वाचकांचा आणि संपादकांचा आहे. समाजातल्या समाजात बोलायला त्यांना मराठी पुरेशी होती, ती त्यांनी भरभरून वापरली. समाजाबाहेरच्या मराठी माणसानं मात्र त्यांना कधी विचारलं नाही की तुमची गोष्ट सांगा. शेजारी म्हणून प्रेमानं राहिलो, त्यांच्या घरचा मलिदा (गोड पोह्यांचा प्रसाद) खाल्ला, पण त्या ताटामागची कथा विचारली नाही. दिल्लीच्या आणि इंग्रजीच्या वाचकानं विचारली. तुमचा लघुप्रबंध मराठीत लिहिणार असाल तर हे एक प्रकरण तुमच्या नावावर जमा होईल.

तिसरा ढीग पत्रांचा, आणि मला सगळ्यात जवळचा. त्या लोदच्या आजींकडे ठाण्याच्या बहिणीची एरोग्राम होती, बिस्किटांच्या डब्यात, वर्षांप्रमाणे दोऱ्यानं बांधलेली. आजींची नजर गेली होती. लेकीला मराठी बोलता यायचं, पण देवनागरी वाचता येत नव्हती. चार दुपारी मी ती पत्रं मोठ्यानं वाचली. त्यात विरहाचं वर्णन जवळजवळ नव्हतं. तांदळाचा भाव, कुणाचं बाळंतपण, सिनेगॉगात दहा पुरुष जमत नाहीत म्हणून प्रार्थना अडते, हे वारंवार. पोहे धाडू का, कारण तिकडे मलिद्याला पोहे मिळत नाहीत असं तू लिहिलंस. एका एप्रिलच्या पत्राच्या शेवटी, कडेच्या चिकटवायच्या पट्टीवर, बारीक अक्षरात होतं: “पुढच्या वर्षी ठाण्यात.” मी वाचलं आणि आजी म्हणाल्या, हे दरवर्षी असायचं. नंतर मी बाकीची पत्रं उलगडून पाहिली. होतं.

म्हणून मुलाखती घ्यायला गेलात तर “तुम्हाला भारताची आठवण येते का?” हे विचारू नका. त्याचं उत्तर सगळ्यांचं पाठ असतं, आणि तुम्ही तेच उत्तर टेपवर आणाल. मलिद्यात पोह्यांऐवजी काय घातलं होतं, कोणत्या वर्षी, ते विचारा. आईवडील कुठल्या भाषेत भांडायचे ते विचारा. पत्र घरात कोण वाचून दाखवायचं, आणि वाचणारा काय गाळायचा, हेही. गाण्याची वही कुणाकडे गेली, मुलीकडे की सुनेकडे? समोरच्याला आजी, मावशी, काका अशी हाक मारा. हे लोक ती अपेक्षा ठेवून असतात आणि ‘मॅडम’ म्हटलं की संभाषण आखडतं. वही दाखवली तर फोटो काढण्याआधी परवानगी घ्या आणि एक प्रत त्यांना द्या. आमच्या पिढीनं यात हयगय केली आहे.

मार्गदर्शकांना तुलना हवी असेल तर गिरमिटियांची घ्या, न्यू जर्सीची नको. १८३४ पासून करारावर मॉरिशस, गयाना, त्रिनिदाद, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ, सुरीनाम, फिजीला नेलेल्या मजुरांनी ‘ॲग्रीमेंट’चं ‘गिरमिट’ केलं आणि त्यातून स्वतःचं नाव घडवलं. तोताराम सनाढ्य यांचं फिजीमधल्या एकवीस वर्षांचं हिंदी आत्मकथन १९१४ मध्ये आलं; ते त्यांनी सांगितलं आणि बनारसीदास चतुर्वेदींनी लिहून काढलं. म्हणजे तिथेही साहित्याची सुरुवात कुणीतरी विचारलं आणि ऐकून घेतलं म्हणून झाली. कोकणातून मॉरिशसला गेलेल्यांचे वंशज आज घरात बहुतेक क्रिओल बोलतात आणि मराठी शाळेत शिकतात. बेने इस्रायलींच्या नातवंडांची मराठी आता त्याच वाटेवर आहे: स्वयंपाकघरात कळते, कागदावर नाही. हा तुलनेचा धागा भक्कम आहे, एका प्रकरणाला पुरेल. त्याहून जास्त ताणू नका, कारण एका बाजूला करार आणि मळ्यावरचा मुकादम आहे आणि दुसऱ्या बाजूला स्वतःहून पुरं केलेलं प्रार्थनेतलं वाक्य.

संदर्भासाठी हाईम सॅम्युएल केहीमकर यांचा समाजाचा इतिहास वाचाच. त्यांनी तो १८९७ मध्ये लिहून पुरा केला आणि छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. सणांची जुनी नावं तुम्हाला त्यातच सविस्तर मिळतील. पण सुरुवात पुस्तकानं करू नका. येत्या रविवारी अलिबागला जा, इस्रायल आळीतून चालत जा, मग नवगावला. तिथली जुनी दफनभूमी बघा. परत येताना ठाण्याच्या सिनेगॉगात चौकशी करा की प्रार्थनेला दहा पुरुष जमतात का. ती पत्रं पन्नास वर्षांपूर्वीची आहेत, आणि आज त्या प्रश्नाचं उत्तर काय आहे ते मला कळवा.